परतीची घटका

डोंगर चढणाऱ्या माणसांचे मी दोन वर्ग करतो. एक शिखराकडे पाहून निघणारा आणि दुसरा घड्याळाकडे पाहून. पहिल्याने लिहिलेली वर्णने वाचावयास मोठी बहारीची असतात. सोबतीस मात्र मी दुसऱ्यालाच निवडीन.

नया नगरातील आम्ही काही शेजाऱ्यांनी यंदाच्या मार्गशीर्षात माहुलीचा बेत ठरविला आहे. आमच्यात कोणी गिर्यारोहक नाही. दिवसभर दुकानात किंवा कचेरीत बसणारी, जिना चढताना किंचित धापा टाकणारी अशी ही चारचौघांसारखी माणसे. माहुलीची उंची 2,815 फूट. वाट रानातून चढते आणि माथ्याजवळ लोखंडी शिडी आहे. पावसाळ्यात ती निसरडी, वैशाखात उन्हाने तापलेली. म्हणून थंडीचे दिवस. वारही विचाराने धरला. रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉक आडवा येण्याचा संभव. तेव्हा शनिवारी जावे आणि रविवार दुखऱ्या पोटऱ्यांना द्यावा. मीरा रोडहून पहाटेच्या गाडीने दादर, तेथून कसाऱ्याच्या गाडीने आसनगाव, पुढे रिक्षाने पायथ्याचे गाव. प्रत्येकाजवळ तीन लिटर पाणी. येथवर एकमत झाले.

वाद निघाला तो चाचांवरून. आमच्या इमारतीतले हे मूळचे रत्नागिरीकडचे गृहस्थ, वय बासष्ट. त्यांनीही नाव दिले तेव्हा तरुणांनी आदरपूर्वक सुचविले, की चाचांनी पायथ्याशी स्वस्थ बसावे, उतरताना त्यांना बरोबर घेऊ. चाचा शांतपणे म्हणाले, “बाबांनो, मला माथ्यावर न्याच, असे मी म्हणत नाही. पण कोठे थांबायचे ते माझे गुडघे सांगतील; तुम्ही कशाला सांगता?”

या उत्तराने बेताची सारी मांडणी बदलली. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 साली एक ठोकताळा सांगितला होता : दर तीन मैलांस एक तास आणि दर दोन हजार फूट चढास आणखी एक. त्या हिशेबाने माहुलीस दोन-सव्वादोन तास पुरावेत. पण तो हिशेब धडधाकट माणसाचा. आम्ही तो दुप्पट केला. म्हणजे सर्वांत हळू चालणाराची चाल हीच सर्वांची चाल ठरली. आठ-साडेआठास चढू लागावे आणि पाऊण वाजता, असू तेथून, मागे फिरावे. ही वेळही चाचांनीच सुचविली. तोवर जोहरच्या नमाजाची वेळ झालेली असते. सोयीचा कातळ पाहून नमाज पढावी, बाकीच्यांनी शिदोरी सोडावी आणि नंतर सर्वांनी उतरणीस लागावे. चारच्या सुमारास खाली. सूर्यास्त सहाच्या आसपास. मधले दोन तास लचकलेल्या पायासाठी आणि चुकलेल्या वाटेसाठी राखून ठेवलेले.

एका तरुणाने विचारले, “आणि माथा हाकेच्या अंतरावर राहिला तर?” प्रश्न खरा आहे. डोंगरातले पुष्कळ अनर्थ त्या शेवटच्या हाकेच्या अंतरातच घडतात. कारण तेथे पाय थकलेले असतात आणि हौस मात्र ताजी असते. परतीची घटका घरी बसून ठरवावयाची ती याचसाठी. डोंगरावर ती ठरवू लागलो, तर तेथे आपण न्यायाधीशही असतो आणि आरोपीही.

माघार म्हटली की आपल्या मनास खंत वाटते. पण माहुलीचाच इतिहास पाहा. 1665 च्या पुरंदरच्या तहात महाराजांनी तेवीस किल्ले मोगलांना दिले, त्यांत माहुली होता. 1670 साली तो पुन्हा स्वराज्यात आला. गड आपल्या जागी उभा असतो. त्याला घाई नसते. माणसे धड असली, म्हणजे पुढचा मार्गशीर्ष आहेच. आणि चाचांना खाली बसवून गाठलेल्या माथ्यावरून मला तरी कोकणचा मुलूख फारसा सुंदर दिसला नसता.