भिंतीतलं झाड

सोसायटीच्या पाइपामागे पिंपळ उगवला की कमिटीच्या बैठकीत तो विषय निघतोच. प्लंबर येतो, वर बघतो आणि कां-कू करतो. पिंपळ उपटायचं पाप कुणी घ्यायचं? अशा वेळी बोन्साय करणारा माणूस सगळ्यांना एकदम हवासा वाटू लागतो. छिन्नी, हातोडी, ओलं फडकं घेऊन तो शिडीवर चढतो आणि झाड व पाप दोन्ही घेऊन खाली उतरतो. प्रस्तुत लेखकाच्या खात्यावर अशी बरीच पापं जमा आहेत.

डोंगरातलं खुरटलेलं जुनं झाड आणून ते कुंडीत घडवण्याला जपानीत ‘यामादोरी’ म्हणतात. आपल्याकडे डोंगरापर्यंत जायची गरज नाही, भिंत पुरते. (शिवाय राखीव जंगलातून परवानगीशिवाय झाड काढणं हा १९२७च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे.) वड, पिंपळ, उंबर, नांदरूक ही सगळी फायकसची भावंडं. त्यांची फळं मैना, बुलबुल, वटवाघळं खातात आणि मोहरीहून बारीक बी विष्ठेबरोबर चुन्याच्या भेगेत जाऊन पडतं. तिथे माती चिमूटभर, पाणी पावसाचं. काही वर्षं असं अर्धपोटी काढलेलं झाड जेमतेम फूटभर उंच असतं, पण बुंधा अंगठ्याएवढा, गाठाळ. जे साधायला कुंडीत खटपट करावी लागते ते भिंतीने फुकट करून ठेवलेलं असतं. जुना वाडा पाडायला निघाला असेल, तर सोन्याहून पिवळं.

काढायचं ते मृगाच्या आसपास, हवेत ओल आल्यावर. फटीत शिरलेली मुळं तुटणारच, पण फायकस त्याचा राग धरत नाही. चीक पाण्याने धुवायचा, मुळांची फाटकी टोकं धारदार चाकूने साफ करायची, बरीचशी पानं उतरवायची आणि कुंडी सावलीत ठेवायची. माती काळी नको. ती वाळली की भेगाळते, भिजली की चिखल. विटांचे चाळून घेतलेले तुकडे, जाड वाळू आणि जुनं शेणखत पुरतं. चाळणीखाली पडलेली भुकटी मात्र टाकून द्यावी, नाहीतर पाणी तुंबून मुळं कुजतात.

रोपापासून सुरुवात करायची तर चिंचेसारखं झाड नाही. पानं मुळातच नाजूक, त्यामुळे लहान झाडाला ती शोभतात. चिंचोका रुजला, दोन-चार पानं आली की रोप उपसून तळहातावर आडवं घ्यावं. पांढरं सोटमूळ सरळ खाली निघालेलं दिसतं. ते अर्ध्यावर कापायचं. लेखकाचा हात पहिल्या वर्षी थरथरला आणि त्याने ते तसंच ठेवलं. चार वर्षांनी खोड मातीतून रस्त्याकडेच्या विजेच्या खांबासारखं बाहेर आलं होतं. मुळांचा घेर नाही की पसारा नाही. जपानी माणूस ज्याला ‘नेबारी’ म्हणतो आणि बोन्सायमध्ये सगळ्यात आधी पाहतो, तेच हरवलेलं. पुढच्या रोपांचं सोटमूळ छाटलं आणि मुळांखाली फुटक्या मंगळुरी कौलाचा तुकडा ठेवला. खाली वाट बंद झाल्यावर मुळं चहूबाजूंनी पसरली.

नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक घाईची. रोप आणतात आणि थेट उथळ ट्रेमध्ये लावतात. मग ते वर्षानुवर्षं पेन्सिलीएवढंच राहतं. बुंधा जाड व्हायचा तर झाडाला आधी हवं तसं वाढू द्यावं लागतं. जमिनीत किंवा मोठ्या कुंडीत तीन-चार वर्षं, चांगलं पाच-सहा फूट. मग एक दिवस ते वीतभर उंचीवर कापायचं. शेजारी हळहळतात, “अहो, चांगलं वाढलं होतं की!” कापाखालच्या फुटव्याला शेंडा करायचा, तोही जाडावला की पुन्हा कापायचा. असं केल्यानेच खोड तळाशी रुंद आणि वर निमुळतं होतं.

फांदीला वळण द्यायला जी तार गुंडाळतात तिच्याबद्दल एकच सांगणं. पावसाळ्यात फांद्या झपाट्याने जाडावतात. लेखकाने एकदा नांदरुकाला आषाढात तार गुंडाळली आणि गणपतीला गावी निघून गेला. परत आला तर तार सालीत रुतलेली. तो पिळाचा व्रण आजही त्या फांदीवर आहे आणि पाहुणे नेमकं तिथेच बोट ठेवतात.

‘झाडाला छळता’ हा आरोप ठरलेला. वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटममध्ये जपानी पांढऱ्या पाइनचा एक बोन्साय आहे, १६२५पासून घडवलेला. १९४५मध्ये तो हिरोशिमात यामाकी कुटुंबाच्या रोपवाटिकेत होता, अणुस्फोटापासून सुमारे तीन किलोमीटरवर. तिथल्या भिंतीच्या आडोशाने तो वाचला आणि १९७६मध्ये यामाकींनी तो अमेरिकेला भेट दिला. चारशे वर्षं छळ सोसून कुणी असं हिरवंगार राहत नाही.

वटपौर्णिमेला बाजारात वडाच्या फांद्या येतात आणि दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जातात. त्यांतली अंगठ्याएवढी जाड, अजून चीक येणारी एखादी उचला, पानं काढा आणि विटांच्या तुकड्यांत खोचून ठेवा. दिवस पावसाचे असतात, वड फांदीपासून होतो. सगळ्या जगणार नाहीत, म्हणून तीन-चार लावा.