चौघांची टीम

2020 मध्ये दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला आणि माझा भाचा घरात अडकला. मग पबजी. एका सामन्यात शंभर जण उतरतात, टीम चौघांची. याच्यासोबत एक मालेगावचा, एक हैदराबादचा, एक कोल्हापूरचा. कुणी कुणाला पाहिलेले नाही. हेडफोनवर मात्र सलामापासून शिव्यांपर्यंत सगळे चाले. (शिव्या मी बंद करवल्या, निदान माझ्यासमोर.)

मगरिबच्या अजानला बहीण हाक मारी. आतून उत्तर, "अम्मी, पाच मिनिटं!" ती चिडे. मी शेजारी बसून पाहिले. अर्ध्या तासाचा तो सामना मध्येच थांबवता येत नाही, आणि एक उठला की बाकीचे तिघे अडचणीत येतात. म्हटले, "बेटा, अजानआधी अर्धा तास नवा सामना सुरूच करायचा नाही." त्याने टीमला सांगितले. पुढे कोल्हापूरचा मुलगाच आठवण करी, "चला, तुमची नमाजची वेळ झाली." तो हिंदू.

सप्टेंबरात पबजीवर बंदी आली. जुलै 2021 मध्ये तोच खेळ भारतासाठी नव्या नावाने आला, चौघे पुन्हा जमले. बारावीचे टक्के घसरले, तेही खरे.

मालेगावच्या मुलाचे अब्बू वारले, त्या रात्री बाकीचे तिघे पहाटेपर्यंत कॉलवर होते. खेळ कुणी उघडला नाही.

आता खेळ सुटला आहे. कोल्हापूरच्याच्या बहिणीचे लग्न आहे. भाच्याने तिकीट काढले आहे आणि मला विचारतो, "खाला, आहेर काय न्यायचा?"