कान नव्हे, खाच

वरळी कोळीवाड्यात लोखंडाचं आणि खाऱ्या हवेचं कधी पटलंच नाही. खिडकीचे गज, सायकलची चेन आणि आता भाच्याच्या इलेक्ट्रिक गिटारच्या तारा. दोन गाणी झाली की गिटार बेसूर! कोणी म्हणे, खुंट्या बदला. पोराने वेगळाच निष्कर्ष काढला, "मामा, माझा कानच कच्चा आहे." हळदीला वाजवणंही सोडलं. मला त्याचं जास्त वाईट वाटलं.

खरं तर खुंटी बहुतेक वेळा निर्दोष असते. तार अडकते नटमध्ये... नाटकातला नव्हे हो, मानेच्या टोकाची ती खाचांची पट्टी! बेंड करताना तार खाचेतून किंचित पुढे सरकते, मागे जाताना अडकते आणि सूर उतरतो. खुंटी पिळताना "टिक्" वाजून सूर एकदम उडी मारतो का? मग चोर सापडला.

उपाय साधे. गंजलेल्या तारा काढायच्या. खाचेत पेन्सिलीचं टोक घासायचं, ग्राफाइटवरून तार घसरते. खुंटीवर दोन-तीनच वेढे, एकाखाली एक. नवी तार हाताने ताणायची, पुन्हा सुरात लावायची, टिकेपर्यंत. नवा दोर ताणून घेतात, तसंच. तरीही अडकली तर खाच अरुंद आहे, ती कारागिराकडून घासून घ्यावी.

आणि हो, सूर उतरल्याचं कळलं कोणाला? कच्च्या कानाला कळतं होय!

असो. वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसत जा रे. इथली हवा काही बदलायची नाही.