यॉर्कची काच आणि तिचे विद्यार्थी

इंग्लंडच्या उत्तर भागात ऊझ नदीच्या काठी यॉर्क हे तटबंदीचे प्राचीन शहर वसलेले आहे. रेल्वे स्थानकातून बाहेर पडताच समोर दगडी तट दिसतो. त्या तटावरून चालू लागले, की घरांच्या छपरांवर मान उंचावून उभे असलेले भव्य मिन्स्टर नजरेस पडते. मिन्स्टर म्हणजे तेथील मुख्य ख्रिस्तमंदिर. ह्या एका वास्तूत रंगीत काचचित्रांच्या १२८ खिडक्या आहेत. बाहेरून पाहिल्या तर त्या काळवंडलेल्या जाळ्यांसारख्या भासतात. परंतु आत पाऊल टाकावे आणि सूर्य ढगांतून बाहेर यावा, म्हणजे तीच जाळी निळ्या, तांबड्या आणि पिवळ्या प्रकाशाने उजळून निघते.

ह्यांतील पूर्वेची महाखिडकी सर्वांत विख्यात आहे. जॉन थॉर्न्टन नावाच्या काचचित्रकाराने १४०५ साली तिचे काम पत्करले आणि १४०८ साली ते पुरे केले. तीन वर्षांच्या ह्या कामाचा त्याला एकूण मोबदला मिळाला ५६ पौंड. खिडकीचा विस्तार टेनिसच्या एका क्रीडांगणाएवढा आहे. सृष्टीच्या आरंभापासून जगाच्या अंतापर्यंतची बायबलमधील कथा तीत चित्रित केलेली आहे. १६४४ साली यादवी युद्धात शहर पडले, तेव्हा विजयी सेनेच्या फेअरफॅक्सने ह्या काचांना हात लावू दिला नाही, असे यॉर्ककर आजही कृतज्ञतेने सांगतात. दुसऱ्या महायुद्धात तर खिडक्या उतरवून सुरक्षित ठेवण्यात आल्या होत्या, आणि त्या पुन्हा बसवण्यास पुढे कित्येक वर्षे लागली.

परंतु काचचित्राचा खरा शत्रू युद्ध नव्हे, काळ होय. काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी एकमेकांस जोडलेले असतात. काच शतकानुशतके टिकते. शिसे मात्र शंभर-दीडशे वर्षांत थकते, वाकते आणि चिरते. तेव्हा सबंध चित्र उतरवून नव्या शिशात बसवावे लागते. ह्या कामासाठी १९६७ साली यॉर्कमध्ये एक स्वतंत्र विश्वस्त संस्था स्थापन झाली. पूर्वेच्या महाखिडकीचा अलीकडचा जीर्णोद्धार अनेक वर्षे चालून २०१८ साली पूर्ण झाला. म्हणजे ह्या शहराला काचेचे विद्यार्थी पिढ्यान्‌पिढ्या लागणारच. तेथील विद्यापीठात काचचित्रांच्या जतनाचा उच्च अभ्यासक्रम निघाला. आणि हौसेने शिकू पाहणाऱ्यांसाठी संध्याकाळचे लहान वर्गही चालतात.

अशा एका वर्गात काही संध्याकाळी बसण्याचा योग आला. एका बोळातील जुन्या घराची माडी, खालून प्रकाश येणारी दोन टेबले, कोपऱ्यात एक लहान भट्टी आणि सहा-सात विद्यार्थी. शिकवणाऱ्या बाई वयस्कर होत्या. त्यांचा पहिला धडा असा, की काच कापली जात नाही, ती मोडली जाते. पोलादी चाकाची लेखणी काचेवर एकदाच फिरवायची. तिचा आवाज रेशीम फाडल्यासारखा सलग आला पाहिजे. त्याच रेघेवर पुन्हा चाक फिरवले तर काच भलतीकडेच फुटते. रेघ ओढून झाली, की दोन्ही हातांनी किंचित दाब द्यायचा. काच आपण होऊन त्या रेघेवर दुभंगते. पहिल्या दोन संध्याकाळी विद्यार्थ्यांनी साध्या, बिनरंगी काचेवाचून दुसऱ्या कशास हात लावला नाही.

त्यानंतर प्रत्येकाने आपापले काम निवडले. टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी अंगणात येणारा चिमुकला पक्षी घेतला. पंखांच्या रेघा काढण्यासाठी लोहाची भस्मे आणि काचेची पूड ह्यांचा काळपट रंग वापरतात. तो सुमारे ६५० अंश सेल्सिअस तापमानात भाजला, की काचेशी एकजीव होतो. आच कमी पडली तर रंग बोटाने पुसला जातो, अधिक झाली तर रेघा विरून जातात. त्यांचे तीन पक्षी असे वाया गेले. बाईंनी ते तिन्ही खिडकीत ओळीने उभे करून ठेवले आणि प्रत्येकाखाली भट्टीची आच व वेळ लिहून घेतली. चौथ्या खेपेस पक्ष्याचे पीस न्‌ पीस उमटले. त्या वेळी त्या गृहस्थांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलीने आठ पाकळ्यांची चांदणी आरंभिली होती. तिला हवा होता सोनेरी पिवळा रंग. तो चांदीच्या क्षारापासून होतो. काचेच्या मागील बाजूस लेप द्यायचा आणि भट्टीत घालायचे. चांदी काचेच्या अंगात शिरते आणि लेप धुऊन टाकला तरी पिवळेपणा कायम राहतो. युरोपातील कारागिरांना ही युक्ती चौदाव्या शतकाच्या प्रारंभी साधली. मुलीचा रंग उत्तम उतरला. मग तिने शिशाच्या पट्ट्या ताणून सरळ केल्या, त्यांच्या खाचांत एकेक तुकडा बसवला आणि तो हलू नये म्हणून घोड्याच्या नालाचे खिळे भोवती ठोकले. शेवटचा तुकडा केसभर मोठा होता. तिने तो रेटला, आणि शेजारची पाकळी कडकन दुभंगली. बाई जवळ आल्या, पण त्यांनी हात लावला नाही. मुलीने गुपचूप सारे खिळे उपटले, सात तुकडे उलगडले आणि नवी पाकळी कापावयास घेतली. तिचा तो दिवस गेला. परंतु पुढच्या संध्याकाळी तिने प्रत्येक तुकडा आधी नकाशावर ठेवून पाहिला आणि मगच शिशात घातला.

सर्वांत अवघड प्रश्न एका गृहिणीपुढे होता. यॉर्कमधील जुन्या चाळवजा घरांच्या दारांत रंगीत काचेची फुले असतात. तिच्या आजीच्या घराच्या दारातील असेच एक तांबडे फूल तडकले होते. नवी पाकळी कापून बसवणे सोपे होते. परंतु जुनी हातघडणीची तांबडी काच म्हणजे बिनरंगी काचेवर तांबड्याचा पातळ थर. तिच्या तोडीची छटा मिळणे कठीण. तडेवर शिशाची पट्टी लावली तर फुलाच्या तोंडावर काळी रेघ येणार. मिन्स्टरच्या खिडक्यांतही पूर्वीच्या दुरुस्तीकारांनी अशा पट्ट्या जागोजाग घातल्या होत्या आणि त्यांमुळे कित्येक चेहरे ओळखू येईनासे झाले होते. अलीकडच्या जतनकारांनी त्या पट्ट्या काढून तडेच्या कडा पारदर्शक राळेने जोडल्या. बाईंनी हे तिन्ही मार्ग समजावून दिले आणि निवड तिच्यावर सोपवली. आठवडाभर विचार करून तिने तडा जोडण्याचे ठरवले. आज त्या फुलात नीट पाहिले तर बारीक रेघ दिसते. ती म्हणाली, “आजीच्या हाताखाली उघडलेले दार हेच. त्यातली काच मला बदलायची नाही.”

अखेरीस डाख देणे आले. प्रत्येक सांध्यावर चरबीची मेणबत्ती घासून कथील आणि शिसे ह्यांचा डाख दिला जाई. मग जवसाचे तेल आणि खडूची पूड ह्यांचा लगदा पट्ट्यांखाली भरून पाणी आत शिरण्याची वाट बंद केली जाई. शिसे विषारी असल्याने हात धुतल्यावाचून कोणी चहाच्या पेल्यास स्पर्श करीत नसे.

ह्या विद्येशी आपलाही संबंध आहे. मुंबईत कुलाब्याच्या अफगाण चर्चमधील काचचित्रे यॉर्कच्या उत्तरेकडील न्यूकॅसल येथील विल्यम वेल्स ह्याच्या कारखान्यातून आली. १८७८ साली पूर्ण झालेला राजाबाई मनोरा आणि त्याला लागून असलेले विद्यापीठाचे ग्रंथालय ह्यांतही रंगीत काचेचे वैभव आहे, आणि २०१३ ते २०१५ ह्या काळात झालेल्या जीर्णोद्धारात त्याला पुन्हा झळाळी आली. कोलकात्याच्या सेंट पॉल कॅथीड्रलपासून सिमल्याच्या ख्राइस्ट चर्चपर्यंत देशभर अशा खिडक्या विखुरलेल्या आहेत. त्यांचेही शिसे थकणारच. त्या वेळी परदेशाकडे पाहावे लागू नये, असे वाटत असेल तर आपल्या कलाशाळांतून काही तरुण हात आतापासूनच तयार झाले पाहिजेत. तीन पक्षी वाया गेले तरी चौथा रंगवावयास बसणारी माणसे आपल्याकडेही थोडी नाहीत. त्यांना हवी एक भट्टी, खालून प्रकाश येणारे एक टेबल आणि हात न लावता जवळ उभी राहणारी एक शिक्षिका.