दगडातील गाई

भोकरदन हे जालना जिल्ह्यातील प्राचीन गाव. त्याचे जुने नाव भोगवर्धन. सांची आणि भारहूत येथील दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिलालेखांत, दान देणाऱ्यांच्या नावांबरोबर या गावाचे नावही कोरलेले आहे. ती माणसे गेली. दगडाने मात्र गावाची आठवण राखली. परंतु सर्वच दगडांचे भाग्य इतके थोर नसते.

याच तालुक्यातील एका खेड्यात, मारुतीच्या पाराजवळ, एक वीरगळ उभा होता. लढताना पडलेल्या वीराचे स्मारक म्हणून पूर्वी असे दगड उभारीत. त्यावर बहुधा तीन चौकटी असतात. खालच्या चौकटीत युद्ध, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा आणि वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा. माथ्यावर चंद्र आणि सूर्य. या दगडाची खालची चौकट ऊनपावसाने झिजून सपाट दिसत असे. “गावच्या गाई सोडवताना तो वीर पडला,” असे एक वृद्ध आजी सांगत. मुले हसत, कारण दगडात गाई कोणालाच दिसत नसत.

आता पाराभोवती फरशी बसणार होती आणि वीरगळाची खालची चौकट तिच्यात बुजणार होती. काम उद्या सकाळीच सुरू व्हायचे होते. आजींच्या आठवीतील नातीने शाळेतील साधा डिजिटल कॅमेरा मागून आणला. दिवेलागणीच्या वेळी तिने कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशने छायाचित्र घेतले. दगड पांढराफटक आला. गाई नव्हत्याच.

गुरुजी सोबत होते. ते म्हणाले, “बाळ, नांगरलेल्या शेतातील तास केव्हा उठून दिसतात? भर दुपारी की सांजवेळी?”

“सांजवेळी, गुरुजी. तेव्हा सावल्या लांब पडतात.”

“मग आपला सूर्य कॅमेऱ्याच्या डोक्यावर कशाला? समोरून आलेला प्रकाश खाचांतील सावल्या पुसून टाकतो.”

दगडाचे तोंड उत्तरेला होते आणि वर वडाची गर्द सावली. मावळतीचे किरण तेथे पोहोचत नसत. गुरुजींनी पिशवीतून सुटा फ्लॅश काढला आणि लांब तारेने तो कॅमेऱ्याला जोडला. अजिंठ्याच्या चित्रांपुढे फ्लॅश लावू देत नाहीत, हे मुलीला ठाऊक होते. तिने विचारले, “याला काही इजा तर होणार नाही?”

“ते रंग नाजूक आहेत. हा दगड शतकानुशतके उघड्यावर उभा आहे.”

मुलीने कॅमेरा विटांच्या थरावर ठेवला आणि गुरुजींनी फ्लॅश दगडाच्या डाव्या अंगाला धरला. पहिल्या छायाचित्रात खालचा भाग काळाच आला. कॅमेऱ्याचा पडदा फार जलद ठेवला होता. फ्लॅश चमकला तेव्हा पडद्याने काही भाग झाकलेला होता. तिने वेग १/२०० सेकंदावर आणला. दुसऱ्या खेपेस दगडाची डावी कड जळल्यासारखी पांढरी झाली आणि उजवी कड अंधारात राहिली. अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाई उरतो. म्हणून गुरुजी चार पावले मागे सरले. परंतु प्रकाशाची तिरकी दिशा त्यांनी बदलली नाही.

तिसऱ्या वेळी फ्लॅश चमकला आणि मुलगी कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाकली. प्रत्येक बारीक उंचवट्याच्या उजवीकडे सावली पडली होती. प्रथम एक वळलेले शिंग दिसले, मग पाठीची रेघ, मग पाय. तिने धावत जाऊन आजींना बोलावून आणले. आजींनी कॅमेरा डोळ्यांजवळ धरला. त्यांचे बोट हळूहळू सरकत होते.

“तीन,” त्या म्हणाल्या. “आणि हे मागे वासरू आहे, बघ.”

सकाळी तेच छायाचित्र मुलीने गवंड्याला दाखवले. त्याने ते बराच वेळ पाहिले, मग वीरगळाकडे पाहिले. काही न बोलता त्याने फरशीसाठी ताणलेली दोरी सोडली आणि दगडापासून हातभर मागे नेऊन पुन्हा बांधली.