बिघाडांचा अभ्यासक्रम

बायोडेटातल्या 'शिक्षण' या रकान्यात लिहायला माझ्याकडे बारावीपलीकडे काही नाही. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका चादर कारखान्यात कार्ड पंचिंगला लागलो. आता अक्कलकोट रोड एमआयडीसीत मागावर नक्षी उमटवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक जकार्डसाठी संगणकावर डिझाइन करतो आणि कंट्रोलर बिघडला तर तोही खोलतो.

जकार्डचा नियम साधा. आडव्या धाग्याच्या प्रत्येक फेरीला एक कार्ड. भोक असेल तिथला हुक उचलला जातो, त्याचे उभे धागे वर येतात. नसेल तिथले खालीच राहतात. फ्रान्सच्या जाकारने १८०४ च्या सुमारास बसवलेली ही युक्ती चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात घेतली, हे मला फार उशिरा कळलं. पण भोक आहे की नाही याची सवय असल्याने संगणकातलं शून्य-एक मला पहिल्या दिवशीही परकं वाटलं नाही.

शिकवलं ते जॉबरने, म्हणजे माग जुळवून आणि दुरुस्त करून देणाऱ्या कारागिराने. तेलुगूमिश्रित मराठीत ते बजावायचे, "आधी कापड बघ, मग मशीनला हात लाव." दोष उभ्या रेषेत सलग धावत असेल तर हुक किंवा धागा तपासायचा. नक्षीच्या प्रत्येक आवर्तनात त्याच आडव्या ओळीवर येत असेल तर कार्ड चुकलंय. आज कार्डाच्या जागी फाइल आहे, तरी तपासाची रीत तीच. पडद्यावरचा गोलही आंधळेपणाने विणायचा नसतो: उभ्या-आडव्या धाग्यांची दाटी वेगळी, हिशेब न धरता विणला की तो लांबुळका होतो. रंगाचा मोठा पट्टाही मध्येमध्ये बांधावा लागतो, नाहीतर धागे लोंबतात.

स्वतःहून शिकणाऱ्याचा अभ्यासक्रम बिघाड ठरवतात. जे मोडलं ते मला तळापर्यंत ठाऊक. जे कधी मोडलंच नाही, त्याची पाटी कोरी. पॉवर सप्लाय सारखे जळायचे, म्हणून ते पाठ. ज्या सर्किटने कधी त्रास दिला नाही, ते कसं चालतं हे मला सांगता येत नव्हतं. हाताखाली आलेल्या डिप्लोमावाल्या पोराने सहज विचारलं, तेव्हा ते लक्षात आलं. आता तो मला सर्किट समजावतो, मी त्याला कापड वाचायला शिकवतो.

हल्ली सुट्टीच्या दिवशी, माग धड असतानाही, वीज बंद करून आम्ही कव्हर काढून बसतो. नीट चालणारं यंत्रही शिकायचं असतं, हे मला कुठल्याच बिघाडाने सांगितलं नसतं.