इमान कोणाचां?

आमच्या घरात काही ठरले की ते सर्वांना कळते, आणि सर्वांच्या शेवटी मला कळते. या मे महिन्यात मालवणच्या घरी माजघरात आंब्यांची अढी चाळवत बसलो होतो. नात समोर येऊन उकिडवी बसली आणि म्हणाली, "आजोबा, मी विमानातून उडी मारणार आहे." तोपर्यंत तिच्या आजीने रामेश्वराला नारळ बोलूनसुद्धा ठेवला होता!

नात पुण्यात नोकरी करते. स्वतः मिळवते, स्वतः खर्च करते. तिला 'नको' म्हणण्याचा अधिकार आमच्याकडे उरलेला नाही. उरला आहे तो फक्त काळजी करण्याचा, आणि तो आम्ही दोघे पुरेपूर बजावतो. हरियाणात नारनौल म्हणून गाव आहे. तिथल्या धावपट्टीवरून लहान विमाने हौशी माणसांना घेऊन वर जातात. दहा हजार फुटांच्या आसपास गेले की दार उघडायचे आणि उडी घ्यायची. नवख्या माणसाला एकट्याने नव्हे, शिक्षकाच्या पोटाशी पट्ट्यांनी बांधून. कांगारूचे पिल्लू असते, तसे.

"अगं, पण कशासाठी?" मी विचारले.

उत्तर म्हणून तिने पुण्याच्या शीतल महाजनांचे नाव घेतले. 2004 सालच्या एप्रिलात त्या बाईंनी आयुष्यातली पहिलीच उडी मारली, ती थेट उत्तर ध्रुवावर. पुढे 2006 मध्ये दक्षिण ध्रुव झाला, 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, आणि 2018 साली थायलंडात चक्क नऊवारी नेसून उडी झाली. हे शेवटचे ऐकल्यावर आमच्या सौभाग्यवतींच्या चेहऱ्यावरची काळजी क्षणभर गेली आणि त्यांनी विचारले, "काष्टा सुटला नाही ना?"

तरीही तिचे मन वळवण्याची कामगिरी मजवरच आली. मी चष्मा पुसला, घसा खाकरला आणि बोलायला सुरुवात केली. पण पाचच मिनिटांत वळले ते माझेच मन. नातीने सगळे समजावून दिले. छत्री एक नसते, दोन असतात. पहिली उघडली नाही तर दुसरी. ही दुसरी, राखीव छत्री परवानाधारक माणसानेच घडी घालायची असते. अमेरिकेत तर ती उघडावी लागो न लागो, दर 180 दिवसांनी तपासून पुन्हा भरावी लागते. शिवाय पाठीवर एक लहानसे यंत्र असते. माणूस बेशुद्ध पडला तरी ठराविक उंचीवर ते आपणहून राखीव छत्री सोडते. हे ऐकून मी इतका निश्चिंत झालो, की आमच्या घराच्या कौलांचीसुद्धा कोणी अशी दर सहा महिन्यांनी तपासणी केली तर काय बहार होईल, असे वाटून गेले.

संध्याकाळी तांडेलकाका आले. ऐंशी ओलांडलेले गृहस्थ. जन्म दर्यावर गेला. आता मुलगे होडी बघतात आणि काका रोज आमच्या खळ्यात येऊन बसतात. बोलतात कमी. नातीने त्यांनाही छत्र्यांचे सारे पुराण सांगितले. त्यांनी ते मान हलवीत ऐकून घेतले, आणि मग म्हणाले,

"छत्री दोन, बरां. पण इमान एकच मां? तां इमान कोणाचां?"

नात हसली. तिला आधी वाटले, काका कोणाच्या प्रामाणिकपणाची चौकशी करताहेत! मग म्हणाली, "त्या कंपनीचंच असेल, आजोबा."

"आणि तां बघता कोण? माणसां किती घेतत?"

हे विचारताना त्यांनी उजवा हात पुढे केला. त्या हाताची शेवटची दोन बोटे अर्ध्यावर संपतात. नातीने तो हात लहानपणापासून पाहिलेला आहे. ती बोटे कशी गेली, हे मात्र मी तिला कधी सांगितलेले नव्हते. आज सांगतो, म्हणजे वाचकांनाच सांगतो. तिला त्याच रात्री सांगितले.

1981 सालची गोष्ट. मुंबईच्या कचेरीतली मित्रमंडळी मी हौसेने मालवणला आणली होती; कोणी सपत्नीक, कोणी पोराबाळांसह. सिंधुदुर्ग किल्ला पाहायचा होता. काकांच्या होडीत बारा माणसे बसत आणि आम्ही होतो सतरा. काका म्हणाले, दोन खेपा करू. मला घाई होती; त्याहीपेक्षा, पाहुण्यांसमोर आपले गावात किती वजन आहे ते दाखवायचे होते. मी म्हणालो, "चालतं हो काका, दहा मिनिटांचा तर प्रश्न!" जाताना चालले. परतताना खडकांजवळून येत असता कोणीतरी ओरडले, "डॉल्फिन! डॉल्फिन!" सगळी मंडळी उठून एका बाजूला धावली. होडीची कड पाण्याला टेकली, लाट आत आली आणि एक बाई बाहेर फेकल्या गेल्या. काकांनी एका हाताने त्यांना धरले आणि दुसऱ्या हाताने होडी खडकावर आपटण्यापासून सावरली. तो दुसरा हात होडी आणि खडक यांच्यामध्ये सापडला.

माणूस एकही दगावले नाही. आम्ही आपसांत वर्गणी काढून काकांना दोनशे रुपये दिले, आणि आपण फार उदार आहोत असे समजून मुंबईला परत आलो. काकांनी तेव्हाही मला शब्दाने दोष दिला नाही, आजतागायत दिलेला नाही. त्यानंतर बारावर तेरावे माणूस मात्र त्यांनी होडीत कधी घेतले नाही.

ही गोष्ट सांगून झाल्यावर मला झोप येईना. आमच्यासारख्या पेन्शनरांना रात्री झोप न येणे हे नवे नाही. पण या वेळी मी नातीच्याच फोनवर तिला वाचून दाखवायला लावले. विमान आणि होडी यांचे नाते किती जवळचे आहे, ते मला तेव्हा कळले. विमानालाही तोल असतो. उडी मारणारी माणसे दाराशी गर्दी करतात आणि दार बहुधा मागे असते. सगळे वजन मागे गेले की नाक वर उठते, वेग कमी पडला तर विमान हाताबाहेर जाते. 14 जुलै 2019 रोजी स्वीडनमध्ये उमेओ गावाजवळ असे एक विमान कोसळले आणि त्यातले नऊच्या नऊ जण गेले. चौकशीत ढग, वैमानिकाचा अपुरा अनुभव आणि मागे सरकलेले वजन ही सारी कारणे एकत्र आली. ज्यांच्या पाठीवर छत्र्या होत्या, त्यांनासुद्धा बाहेर पडता आले नाही. गिरक्या खाणाऱ्या विमानात माणूस भिंतीला चिकटून राहतो. छत्री पाठीवर असते आणि दार चार हातांवर, पण ते चार हात काही ओलांडता येत नाहीत.

त्याच्या आधी तीनच आठवडे, 21 जून 2019 रोजी, हवाई बेटांवर उड्डाण होते न होते तोच दुसरे विमान पडले होते. त्यात अकरा जण गेले. वैमानिकाने उड्डाणातच नको ते धाडस केले, हे तर खरेच. पण त्या विमानाच्या डाव्या पंखाला पीळ पडलेला होता, आणि तेच विमान 2016 साली कॅलिफोर्नियात एका अपघातातून गेलेले होते, हेही निघाले. अमेरिकेच्या चौकशी मंडळाने सरकारी देखरेखीवरही ठपका ठेवला. याच मंडळाने 2008 साली एक अहवाल काढला होता. 1980 पासून छत्रीधारी मंडळींना वर नेणाऱ्या विमानांचे 32 अपघात आणि 172 मृत्यू, असा त्यातला हिशेब होता. कारणे मोठी गूढ नव्हतीच; देखभालीत हयगय, वजनाचा हिशेब न करणे, वैमानिकाचे अपुरे शिक्षण. आणि मुळाशी ही गोष्ट, की अशा विमानातला माणूस कायद्याच्या नजरेत एअरलाइनच्या उतारूसारखा उतारू नसतो. तो खेळाडू, आपल्या जबाबदारीवर आलेला! तिकीट काढून मुंबईहून दिल्लीला जाणाऱ्याच्या मागे जेवढे नियम उभे असतात, तेवढे याच्या मागे नसतात.

एक गोष्ट वाचली तेव्हा तर मी नातीला थांबायला सांगितले. 27 ऑगस्ट 1967. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात एका जुन्या बाँबफेकी विमानातून अठरा जणांनी ढगांतून उडी घेतली. खाली विमानतळ आहे, अशी त्यांची समजूत होती. जमिनीवरच्या माणसाने रडारवर दुसरेच विमान पाहून यांना जागा सांगितली होती. ढगांतून बाहेर आल्यावर दिसले ते ईरी सरोवराचे पाणी. सोळा जण बुडाले. अठरांच्या पाठीवरच्या छत्र्या व्यवस्थित उघडून काय उपयोग झाला? ढगांतून उडी मारू नये हा नियम तेव्हाही होता, पण 'चालतं हो' म्हणणारा माणूस तिथेही असणारच.

इतके लांब जायला तरी कशाला हवे? 24 मे 2022 रोजी आमच्या तारकर्लीला पर्यटकांची होडी उलटली आणि दोघे गेले. ती माणसे समुद्राच्या तळाशी जाऊन आलेली होती. पाठीवर हवेची नळकांडी बांधून खाली गेली, मासे पाहिले, सुखरूप वर आली. ज्याची भीती वाटावी ते सगळे पार पडले होते. घात झाला तो परतीच्या होडीत. आणि तेरेखोलच्या खाडीपलीकडे, गोव्यातल्या केरीच्या पठारावर, जानेवारी 2025 मध्ये पॅराग्लायडिंग करताना पुण्याची एक तरुण मुलगी आणि तिच्या बरोबरचा शिक्षक दरीत कोसळले. तो धंदा परवान्याशिवाय चालला होता, असे पोलिसांनी सांगितले. मुलगी पुण्याची, आमच्या नातीहून दोन-तीन वर्षांनी मोठी, एवढे वाचून सौभाग्यवती उठून आत गेल्या.

आपल्याकडे नियम नाहीत, असे मात्र समजू नका. 1937 सालच्या विमान नियमांत याचे कलम आहे. गंमत अशी की, विमानातून वस्तू खाली टाकणे आणि माणसाने छत्रीने उतरणे या दोहोंची सोय एकाच कलमात केलेली आहे. बोचके आणि माणूस एकाच तराजूत! विमानाला उडण्यालायकीचे प्रमाणपत्र लागते, ते नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून, आणि त्याची मुदत संपली की पुन्हा पाहणी होते. तारकर्लीचा अपघात झाला त्यानंतर दोनच आठवड्यांनी, जून 2022 मध्ये, केंद्र सरकारने हवाई खेळांचे धोरण जाहीर केले. त्यात अकरा खेळ धरले आहेत आणि छत्रीची उडी त्यांतलीच एक. महाराष्ट्राचेही साहसी पर्यटनाचे धोरण 2021 पासून आहे. कागद आहेत. पण धावपट्टीवर उभ्या असलेल्या विमानापर्यंत तो कागद पोहोचला आहे की नाही, हे विमानात चढणाऱ्याने विचारू नये असा आपल्याकडे एक संकेत आहे. विचारणारा भित्रा ठरतो. मी स्वतः बारा आसनांच्या होडीत सतरावा बसलेला माणूस आहे. मला हा संकेत चांगला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी नातीने वहीच्या पानावर प्रश्न लिहून काढले. विमान कोणत्या बनावटीचे, मालकीचे की भाड्याचे? प्रमाणपत्र कोणत्या तारखेपर्यंत? एका खेपेला माणसे किती, आणि वजनाचा हिशेब कोण करतो? वैमानिकाने याआधी उड्या मारणारी माणसे नेली आहेत का? विमानात बसायला पट्टे आहेत, की नुसतेच जमिनीवर मांडी घालून? मग तिने फोन लावला. कोणत्या संस्थेला, ते सांगत नाही. पलीकडचा तरुण फार गोड बोलला. शिक्षकाने किती हजार उड्या मारल्या आहेत, चित्रफीत किती सुंदर काढून मिळते, आधी पैसे भरले तर सवलत किती, सारे सांगितले. विमानाचा विषय निघाला की, "मॅडम, त्याची तुम्ही काळजीच करू नका." तीनदा विचारले, तीनदा हेच उत्तर.

नातीने फोन ठेवला. तिचे तोंड उतरले होते. मला आत कुठेतरी बरे वाटले, हे खोटे कशाला सांगू? आजीने तर नारळ फोडायचा कधी, हेसुद्धा विचारले.

पण पोरगी आमचीच. जूनमध्ये पुण्याला परतल्यावर तिने दुसरीकडे विचारले. तिथल्या बाईंनी प्रमाणपत्राची प्रत पाठवली, विमानाची नोंदणी सांगितली आणि उलट हिलाच विचारले, "तुमचं वजन किती? खरं सांगा, इथे आल्यावर आम्ही काट्यावर उभं करणारच आहोत." नातीला याचा राग आला आणि आनंदही झाला. सप्टेंबर 2025 मध्ये ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडला एका उडी घेणाऱ्याची राखीव छत्री दारातच उघडून विमानाच्या शेपटीत अडकली होती. त्याने कमरेच्या आकडीसुरीने दोऱ्या कापल्या आणि तो वाचला. वैमानिकानेही तुटक्या शेपटीनिशी विमान उतरवले. ही हकीकत नातीने वाचली होती. "तुमच्याकडे ती सुरी असते का?" असे तिने विचारले, तर बाई म्हणाल्या, "असते. पण हे आम्हाला आजवर कोणी विचारलं नव्हतं."

थंडीत जायचे ठरले आहे. मी बरोबर जाणार, जमिनीवर उभा राहणार. गणपतीला मालवणला गेलो तेव्हा काकांना हे सांगितले. त्यांनी पान लावता लावता विचारले,

"किती माणसां घेतत?"

मी आकडा सांगितला. त्यांनी चुन्याचे बोट पानाला पुसले आणि म्हणाले,

"जाताना मोजून घी."